संरक्षक मानसिक घटक (वर्धा जिल्हा)

नैराश्य आणि स्वतःला इजा करून घेण्याची प्रवृत्ती यांची जोखीम कमी करणाऱ्या मनोवृत्ती, कौशल्ये व नातेसंबंध यांना मानसशास्त्रात संरक्षक घटक म्हणतात. वर्धा जिल्ह्यात हा विषय मुख्यतः कापूस, सोयाबीन व तूर पिकवणाऱ्या कोरडवाहू शेतकरी कुटुंबांच्या संदर्भात पुढे आला. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ मध्ये जाहीर झालेल्या पंतप्रधान पॅकेजमधील विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत वर्धा होता.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन व सहकाऱ्यांच्या १९८३ च्या ‘जगण्याची कारणे’ या मापनसूचीत संकटातून निभावून नेण्याचा विश्वास, कुटुंबाची जबाबदारी आणि मुलांविषयीची काळजी हे घटक येतात. यांपैकी जबाबदारी हा घटक या जिल्ह्यात दुधारी ठरतो, कारण पाऊस दडी मारून दुबार पेरणीची वेळ आली की बी-बियाण्यासाठी सावकाराकडून उचललेल्या रकमेचा आकडा अनेकदा एकट्या कर्त्या पुरुषालाच ठाऊक असतो आणि जी जबाबदारी त्याला धरून ठेवते तीच, ‘आपण घरच्यांवर ओझे झालो’ या समजुतीत बदलली, तर त्याला खचवते. ही समजूत मानसशास्त्रज्ञ टॉमस जॉइनर यांनी २००५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात आत्महत्येच्या विचाराचे एक मूळ मानली आहे. त्यामुळे कर्जाचा हिशेब पत्नीला किंवा भावाला सांगता येणे, अडचणीचे तुकडे पाडून एकेक सोडवणे आणि मदत मागण्यात कमीपणा न वाटणे ही कौशल्ये येथे विशेष मोलाची ठरतात. बचत गट आणि गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना यांसारख्या नित्याच्या भेटीगाठींमुळे अशा बोलण्याला जागा मिळते. मात्र हमीभाव, सिंचन व वेळेवर पतपुरवठा यांचा प्रश्न केवळ मनोबलावर सोपवणे अन्यायाचे आहे.

नैराश्य ओळखण्यासाठी मागील दोन आठवड्यांतील मनःस्थितीविषयीची नऊ प्रश्नांची प्रश्नावली सर्वत्र वापरली जाते, तरी गावात विचारपूस ‘झोप लागते का, जेवण जाते का, कामात मन लागते का’ अशीच सुरू होते. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ कार्यक्रमात प्रशिक्षित गावकरी समुपदेशकांनी हेच काम केले आणि नैराश्यग्रस्तांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. राज्य शासनाचा ‘प्रेरणा’ प्रकल्पही २०१५ पासून शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी चालवला गेला. जिल्ह्यात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग असून ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य समुपदेशन मिळते.