ओटला मिळेना

‘मुंबईत रोटला मिळेल, पण ओटला मिळणार नाही’, हे वाक्य परगावाहून पोट भरण्यासाठी निघालेल्या कितीतरी पिढ्यांनी ऐकले आहे. ओटला का मिळत नाही, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. जमीन अपुरी, हे उत्तर खरे असले तरी पुरेसे नाही.

वसई-विरारच्या माणसाला १८६७ पासून रेल्वेची सोय झाली. तो सकाळी जाऊन रात्री घरी परतू शकत होता. गोव्याहून आलेल्या खलाशाचे, आचाऱ्याचे वा वाजंत्र्याचे तसे नव्हते. त्याने कूड उभी केली. कोंकणीत कूड म्हणजे खोली. एका गावच्या लोकांनी मिळून धोबीतलाव, कॅव्हेल, माझगाव या भागांत जागा भाड्याने घ्यायची, भिंतीशी प्रत्येकाची ट्रंक, समोर गावच्या आश्रयदात्या संताची वेदी आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून रोझरी. महिन्याची वर्गणी अल्प असे. जहाजावरून उतरलेल्याला पुढची नोकरी मिळेपर्यंत अंग टेकायला जागा मिळे. अशा शेकडो कुडी मुंबईत होत्या.

इतरांची अवस्था १८९६ च्या प्लेगने उघडी पाडली. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, पुढे वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे बीडीडी चाळी आल्या. एकूण २०७ इमारती, एकेक खोली १६० चौरस फुटांची. गरजेच्या मानाने हे थोडेच होते.

खरे वळण १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने आले. महायुद्धाच्या काळात वाढलेल्या भाड्यांपासून भाडेकरूला वाचवण्याचा त्याचा हेतू निर्मळ होता, याविषयी आमच्या मनात शंका नाही. त्याने भाडे सर्वसाधारणपणे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवले. कायदा तात्पुरता म्हणून आला आणि मुदतवाढ घेत अर्धशतक टिकला. चाळीतल्या कुटुंबाला कोणी रस्त्यावर काढू शकेना, हे त्याचे पुण्य. पण तुटपुंज्या भाड्यात मालक दुरुस्ती करीना, आणि नवी इमारत भाड्याने देण्यासाठी बांधण्यात कोणाला स्वारस्य उरेना. रिकामी झालेली खोली भाड्याने नव्हे, पागडीने हाती येऊ लागली. कायद्याने निषिद्ध असलेली ती रक्कम पावतीविना दिली जाई. पावती फक्त दरमहाच्या किरकोळ भाड्याची. गाठीला पैसा नसलेल्या नवागताला त्यामुळे दार बंदच राहिले. ज्याच्या रक्षणासाठी कायदा झाला तो आत होता. बाहेर उभा असलेला कायद्याला दिसत नव्हता.

१९७३ मध्ये दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारीला परवान्याने राहत असलेल्यांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. मालक अधिकच बिथरले आणि अकरा महिन्यांचा करार रुळला. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने, जो ३१ मार्च २००० पासून अमलात आला, भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली, पागडीला मान्यता दिली आणि करार लेखी व नोंदणीकृत असणे सक्तीचे केले.

मालकाला भाडेकरू बाहेर काढता येत नसेल, तर तो आत घेतानाच पारख करणार. ही पारख ओळखीने, आडनावाने, ताटातल्या पदार्थाने होऊ लागली. तिची मुळे मात्र कायद्याहून जुनी आहेत. गावदेवीची सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ ची. वांद्र्याची साल्सेट कॅथलिक सहकारी संस्था १९१८ ची. दोन्ही आपापल्या माणसांसाठी झाल्या, आणि त्या काळी त्यांनी मध्यमवर्गीय कुटुंबांना हवेशीर घरे दिली हे नाकारता येत नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व स्वजनांपुरते राखण्याचा तिचा नियम ग्राह्य धरला. परधर्मीय म्हणून आपल्या मुलांना जागा नाकारली जाते तेव्हा आपण संतापतो. तो संताप योग्यच आहे. वांद्र्याची आठवण मात्र आपण तेव्हा काढत नाही.

कुडीचेही तसेच होते. ती गावच्या माणसाची, आणि तीही पुरुषाची. मुंबईत आया किंवा स्वयंपाकीण म्हणून एकट्या आलेल्या गोमंतकीय स्त्रियांना तिथे सहसा प्रवेश नसे. त्यांतील अनेकींचे अंथरूण मालकिणीच्या घरातच पडे, आणि नोकरी सुटली की तेही गुंडाळावे लागे.