येलदरी आणि सिद्धेश्वर: एकाच पाण्याची दोन कामं

‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण आपल्याकडे लहान पोरालाही पाठ असते. धरण बांधलं म्हणजे पाण्याचा प्रश्न सुटला, असं का होत नाही? आज हिंगोलीच्या पूर्णा नदीवरून हे समजून घेऊ.

विदर्भातून येऊन तापीला मिळणारी पूर्णा वेगळी, हां. आपली पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरातून निघते आणि गोदावरीला मिळते. १९६८ च्या सुमारास तिच्यावर दोन धरणं उभी राहिली. वर येलदरी, खाली सिद्धेश्वर. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला. मग येलदरी परभणीच्या जिंतूर तालुक्यात राहिलं आणि सिद्धेश्वर हिंगोलीच्या औंढा नागनाथ तालुक्यात आलं. नदी एक, योजना एक, जिल्हे मात्र दोन.

आता दोन धरणं कशाला? येलदरीचा उपयुक्त साठा जवळपास ८१० दलघमी, सिद्धेश्वरचा साधारण ८१. एक दलघमी म्हणजे १०० कोटी लिटर. थोडक्यात, येलदरी ही मोठी कोठी आणि सिद्धेश्वर हा रोज हाताशी लागणारा डबा. येलदरीच्या पायथ्याशी २२.५ मेगावॉटचं वीजघर आहे. तिथे टर्बाइन फिरवून पाणी नदीत पडतं, सिद्धेश्वरमध्ये अडतं आणि तिथून कालव्याने हिंगोली, परभणी, नांदेडच्या शेतात जातं. म्हणजे त्याच थेंबाने आधी वीज दिली, मग पीक दिलं.

ऐकायला सोपं वाटतं ना? खरी मेख वेळेत आहे. शेताला गरज नसताना विजेसाठी पाणी सोडलं, तर खालचा डबा लवकर भरतो आणि वरचं पाणी नदीतून पुढे निघून जातं. उलट पाणी फारच जपून ठेवलं आणि पावसाळ्यात एकदम लोंढा आला, तर दरवाजे उघडावे लागतात. त्यात हिंगोली शहराला प्यायला पाणी सिद्धेश्वरचंच. पुढे नदीच्या वरच्या अंगाला बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा धरण झालं. त्यामुळे येलदरीत किती पाणी येणार, हे आता फक्त पावसावर ठरत नाही.

हे कोडं संशोधकांनीही हातात घेतलं. २००८ मध्ये डी. जी. रेगुलवार आणि पी. आनंद राज यांनी महाराष्ट्रातल्या गोदावरीच्या उपखोऱ्यातल्या धरणांच्या साखळीवर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची उद्दिष्टं दोन होती: सिंचनाला जास्तीत जास्त पाणी आणि जास्तीत जास्त वीज. यासाठी त्यांनी ‘जेनेटिक अल्गोरिदम’ वापरला. कॉम्प्युटर पाणी सोडण्याची ढीगभर वेळापत्रकं बनवतो, बरी निघालेली ठेवतो, त्यांची आपसात सरमिसळ करतो आणि पुन्हा तपासतो. बियाणं निवडताना आपली आजी करायची तसंच काहीसं. गंमत म्हणजे दोन्ही उद्दिष्टं एकाच वेळी शंभर टक्के साधत नाहीत. एकाला थोडं दिलं की दुसऱ्याचं थोडं कमी होतं.

आणि इथेच गणित थांबतं. कुणाचं किती कमी करायचं, हे कॉम्प्युटर ठरवत नाही. ते माणसं ठरवतात. वसमतची हळद उन्हाळ्याच्या शेवटी लावतात आणि ती आठ-नऊ महिने शेतात उभी असते. ऊस तर वर्षभर पाणी मागतो. कालव्याच्या तोंडाशी असलेला शेतकरी पाणी आलं की भिजवून घेतो. टेलच्या शेतकऱ्याची पाळी येईपर्यंत कालवा कधी कधी आटलेला असतो. धरणात साठा तोच, पण एकाच्या घरात हळद आणि दुसऱ्याच्या घरात कर्ज.

पाणी कधी आणि किती सुटणार, यावर कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत चर्चा होते. २००५ च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांनाही सिंचनाच्या व्यवस्थापनात अधिकार दिले. पण बैठकीला पोरं फारशी जात नाहीत. आपण मोबाईलवर धरणाची टक्केवारी बघतो, स्टेटसला टाकतो आणि विसरतो.

तर यंदा टक्केवारी बघितली की पुढचे प्रश्नही विचारा. पाणीपाळ्या किती? पहिली कधी? टेलला पाणी किती दिवसांनी पोचणार? धरण बांधणाऱ्या पिढीने पाणी अडवलं. ते वाटायचं काम अजून चालू आहे, आणि ते आता आपल्या पिढीकडे आलंय.

भेटू पुढच्या भागात!