चालता आवाज

तापाने माझा डावा कान गेला, त्याला आता सहा वर्षे होतील. एक कान गेला म्हणून माणसाचे फारसे अडत नाही. फोन उजव्या कानाला लावावा, सभेत डाव्या टोकाची खुर्ची धरावी, रस्ता ओलांडताना दोनदा पाहावे, की झाले. परंतु गेल्या वर्षी पुतण्याच्या घरी जे घडले, त्याने मला या कानाची प्रथमच खंत वाटली.

पुतण्याला मॉड्युलर सिंथेसायझरचे वेड आहे. फडताळाएवढी एक चौकट, तिच्यात बसवलेली बटणांची आणि भोकांची पंचवीस-तीस खोकी, आणि एका भोकातून दुसऱ्यात गेलेल्या रंगीबेरंगी वायरी. पाहणाऱ्याला जुन्या टेलिफोन एक्स्चेंजची आठवण व्हावी. त्याने दोन वायरी इकडच्या तिकडे केल्या, मला दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये बसवले आणि म्हणाला, "काका, आता ऐका. आवाज या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत जाईल. मी हातसुद्धा लावणार नाही."

मी ऐकू लागलो. आवाज मोठा झाला, लहान झाला, पुन्हा मोठा झाला. चालला मात्र नाही.

"गेला ना?"

"गेला," मी म्हटले. पोराचा विरस करणे जिवावर आले.

खोटे बोललो खरा, पण ते मनात सलत राहिले. जे मला ऐकू येत नाही ते निदान कळावे तरी, म्हणून मी या चालत्या आवाजाचा माग काढू लागलो, आणि तो माग थेट १८८१ सालच्या पॅरिसला जाऊन पोहोचला.

त्या वर्षी पॅरिसमध्ये विजेचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. क्लेमां आदेर या इंजिनिअराने तेथल्या ऑपेराच्या रंगमंचावर पुढच्या कडेने टेलिफोनचे ग्राहक मांडले आणि त्यांच्या तारा प्रदर्शनाच्या इमारतीत आणून सोडल्या. श्रोत्याच्या हाती दोन श्रवणयंत्रे, एकेका कानाला एकेक. आणि त्या दोहोंच्या तारा रंगमंचावरच्या दोन वेगळ्या जागांवरून आलेल्या. गायक चालला की श्रोत्याच्या डोक्यात त्याचा आवाजही चाले. असे का होते, याचा नीट उलगडा लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली केला. उंच स्वरांना डोके आडवे येते, म्हणून पलीकडच्या कानाला ते क्षीण पोचतात. खालच्या स्वरांच्या बाबतीत दोन कानांवर लाटा पोचण्यातला सूक्ष्म फरक मेंदू ओळखतो. हा फरक फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांश एवढा. एवढ्याशा भांडवलावर आपण उभे आयुष्य दिशा ओळखतो! ते भांडवल गेल्यावरच मला ते असल्याचे समजले.

यानंतरचा माणूस मला सर्वांत जवळचा वाटतो. ॲलन ब्लमलाइन हा लंडनच्या ईएमआय कंपनीतला इंजिनिअर. असे सांगतात की पत्नीसह बोलपट पाहताना त्याला एक गोष्ट खटकली : नट पडद्याच्या एका टोकाला, आणि त्याचा आवाज मात्र भलतीकडून. डिसेंबर १९३१ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने या दोषावरच्या उपायाच्या पेटंटसाठी अर्ज केला. एकाच खाचेत दोन वाहिन्या कोरण्याची रीतही त्यात होती. १९३५ साली त्याने घेतलेल्या चाचणी-चित्रफितींत माणसे नुसती चालताना आणि बोलताना दिसतात. नाट्य काही नाही, पण आवाज पावलांबरोबर सरकतो. १९४२ च्या जूनमध्ये रडारच्या चाचणीवर असताना विमान कोसळून तो गेला. स्टिरिओ तबकड्या बाजारात रुळू लागल्या त्या १९५८ च्या सुमारास. हयात असता तर तेव्हा तो पंचावन्न वर्षांचा असता.

आदेरपासून ब्लमलाइनपर्यंत एक गोष्ट सारखी होती : आधी माणूस चालावा लागे. कोणीही न चालता आवाज चालवण्याचे धाडस डिस्नेच्या लोकांनी केले. नोव्हेंबर १९४० मध्ये 'फँटासिया' न्यूयॉर्कला झळकला. त्यासाठी त्यांनी एक नियंत्रक बनवला होता. तो फिरवला की एकच आवाज एका स्पीकरकडून दुसऱ्याकडे सरके. 'पॅनपॉट' हे त्याचे नाव आजही चालते. पण मला त्याहून मौज वाटते ती निराळ्याच गोष्टीची. संगीताच्या तीन पट्ट्यांखेरीज त्यांनी फितीवर चौथी पट्टी घातली होती. तिच्यातले स्वर श्रोत्यांसाठी नव्हते. ते ॲम्प्लिफायरला कमीअधिक आवाजाचा हुकूम देत. म्हणजे ऐकण्याचा आवाज वेगळा आणि हुकमाचा वेगळा; सिंथेसायझरच्या साऱ्या कल्पनेचे बीज येथे आहे. यंत्रसामग्री मात्र इतकी अवजड आणि खर्चिक, की मोजक्याच थिएटरांत ती बसली.

युरोपात पुढेही हाताचे काम चालूच राहिले. 'कोंटाक्टे' या रचनेसाठी स्टॉकहाउझनने कलोनच्या आकाशवाणी केंद्रात एका फिरत्या टेबलावर स्पीकर ठेवला, भोवती चार मायक्रोफोन लावले आणि टेबल हाताने गरगर फिरवले. जात्यावर बसल्यासारखेच हे काम. १९६० साली ती रचना पुरी झाली.

त्यानंतर चार-पाच वर्षांत अमेरिकेत दोघांनी, पूर्व किनाऱ्याकडे रॉबर्ट मूग आणि सॅन फ्रान्सिस्कोला डॉन बुक्ला यांनी, वीजदाबालाच हाताची जागा दिली. ॲम्प्लिफायरला बटणाबरोबर एक भोकही दिले. त्या भोकातून आलेला वीजदाब चढला की आवाज चढतो, उतरला की उतरतो. असे दोन ॲम्प्लिफायर घ्यावेत, दोघांना एकच आवाज द्यावा; एकाला वीजदाब सुलट आणि दुसऱ्याला उलटा. एकाचे दार उघडते तेव्हा दुसऱ्याचे मिटते. मग त्या भोकाला मंद गतीने वरखाली होणारी विजेची लाट जोडली, की आवाज आपोआप येरझारा घालू लागतो. पुतण्याने केले ते हेच. बुक्लाने काही ठिकाणी तर मध्ये दिवा घातला : वीजदाबाने दिवा उजळायचा, समोरच्या प्रकाशग्राही रोधकाचा विरोध घटायचा आणि वाट मोकळी व्हायची. उजेडाने आवाजाला वाट दाखवावी, ही कल्पना मला फार आवडली.

यात एक खोच आहे. दोन्ही दारे सरळ प्रमाणात उघडली-मिटली, तर आवाज मधोमध येतो तेव्हा दोन्हींकडे वीजदाब निम्मा होतो. पण शक्ती वीजदाबाच्या वर्गाप्रमाणे चालते. निम्म्याची शक्ती पाव, आणि दोन पाव मिळून अर्धीच. त्यामुळे मधून जाताना आवाज खड्ड्यात उतरल्यासारखा दबतो. म्हणून मध्यावर प्रत्येकाला ०.५ नव्हे, ०.७०७ द्यायचे, त्याचा वर्ग अर्धा, आणि दोन अर्धे मिळून एक. चांगल्या खोक्यात ही वक्ररेषा आधीच घातलेली असते.

आपल्याकडेही मूगचे यंत्र लवकरच आले. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडरने ते उभारले; गीता साराभाई, अतुल देसाई आदींनी त्यावर काम केले. त्या फिती वर्षानुवर्षे संस्थेत पडून होत्या. त्यांतल्या निवडक २०२३ साली प्रसिद्ध झाल्या.

मला धीर आला तो मात्र ब्रायन विल्सनच्या हकिगतीने. 'बीच बॉइज'च्या या संगीतकाराला उजव्या कानाने जवळजवळ काहीच ऐकू येत नसे. १९६६ ची त्याची 'पेट साउंड्स' ही गाजलेली तबकडी त्याने मोनोतच सिद्ध केली.

मग एके दिवशी पुतण्याकडे जाऊन मी कबुली दिली. तो क्षणभर काहीच बोलला नाही. नंतर म्हणाला, "काका, अहो आधी सांगायचे ना!" त्याने पॅनरच्या भोकातली वायर उपसली आणि फिल्टरच्या भोकात खोचली. तीच लाट, तीच गती. फक्त डावीकडून उजवीकडे जाण्याऐवजी आवाज आता अंधारातून उजेडात येत होता, आणि परत अंधारात जात होता.

"गेला का?" त्याने विचारले.

मी उजवा कान थोडा पुढे केला. "गेला," म्हटले. "आणि बघ, परत येतो आहे."