तीन दिवस, तीन आठवडे आणि चेर्नोबिलची माती

(पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण पूर्ण वाचा.)

१९८७-८८ च्या सुमारास मुंबईत लोण्यावरून एक खटला झाला होता. युरोपीय समुदायाच्या मदतीतून आयर्लंडचं लोणी आपल्याकडे आलं होतं. त्यात किरणोत्सर्गी अंश आहे, ते लोकांना वाटू नका, अशी मागणी घेऊन काही नागरिक मुंबई उच्च न्यायालयात गेले. तिथून प्रकरण सुप्रीम कोर्टात पोचलं. कोर्टाने तज्ज्ञांची समिती नेमली. ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आत असेल तर खायला हरकत नाही, असं समितीने सांगितलं आणि १९८८ मध्ये याचिका फेटाळली गेली.

अपघात झाला सोव्हिएत युक्रेनमध्ये, गाई चरत होत्या दोन हजारांहून जास्त किलोमीटरवर आयर्लंडमध्ये, आणि वाद पोचला दिल्लीच्या कोर्टात. चेर्नोबिल समजून घ्यायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी.

मी राजापूर-रत्नागिरी पट्ट्यात बातमीदारी करतो. आमच्याकडे जैतापूरचा विषय निघाला की लगेच दोन बाजू पडतात. एकजण चेर्नोबिलची दोन डोक्यांची वासरं दाखवतो. दुसरा तिथल्या हिरव्यागार जंगलाचे, लांडग्यांचे फोटो टाकतो आणि म्हणतो, ‘बघा, काही झालं नाही!’ दोघेही फॉरवर्ड करून मोकळे. म्हणून आज फोटो बाजूला ठेवू आणि माती, पाणी, दूध, जनावरं यांचं नेमकं काय झालं ते पाहू.

२६ एप्रिल १९८६. रात्री १ वाजून २३ मिनिटांनी चेर्नोबिल अणुवीज केंद्राची चौथी अणुभट्टी एका चाचणीदरम्यान फुटली. या भट्टीच्या रचनेतच दोष होते आणि तिच्याभोवती पाश्चात्त्य भट्ट्यांसारखं भक्कम बंदिस्त कवच नव्हतं. जवळपास दहा दिवस आग धुमसत राहिली आणि वारा फिरेल तिकडे धूर गेला.

शेजारीच प्रिप्यात नावाचं शहर होतं. वस्ती जवळपास ४९ हजार. शनिवारी दिवसभर तिथली मुलं रस्त्यावर खेळत होती. लोकांना हलवलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी, म्हणजे सुमारे ३६ तासांनी. हजाराहून जास्त बस आल्या. ‘तीन दिवसांपुरतं सामान घ्या’ असं सांगण्यात आलं. ते तीन दिवस अजून संपलेले नाहीत.

जगाला हे कळलं तेही मॉस्कोकडून नाही. २८ एप्रिलला स्वीडनच्या फोर्समार्क अणुकेंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांमुळे धोक्याची घंटा वाजली. आधी त्यांना वाटलं, आपल्याच केंद्रात गळती आहे. तपासणी झाली तेव्हा कळलं, हे बाहेरून आलंय, अकराशे किलोमीटरवरून. त्या संध्याकाळी सोव्हिएत सरकारने चार ओळींची बातमी दिली. १ मे रोजी कीव्हमध्ये कामगार दिनाची मिरवणूक मुलाबाळांसह ठरल्याप्रमाणे निघाली.

ही लपवाछपवी नुसती राजकीय बाब नव्हती. तिने थेट मुलांच्या गळ्यावर घाव घातला. कसा ते सांगतो.

धुरात आयोडीन-१३१ होतं. त्याचं अर्धायुष्य आठ दिवस, म्हणजे दर आठ दिवसांनी ते निम्मं होत जातं. दोन-तीन महिने तग धरली तर धोका जवळपास संपतो. पण ते गवतावर पडलं, गवत गाईने खाल्लं, दोन दिवसांत ते दुधात उतरलं आणि दूध प्यायलं पोरांनी. आपल्या गळ्यातली थायरॉइड ग्रंथी आयोडीन ओढून घेते; ते साधं आहे की किरणोत्सर्गी, हे तिला कळत नाही. लहान मुलांची ग्रंथी छोटी आणि दूध जास्त, म्हणून मात्राही जास्त.

उपाय अगदी साधा होता. काही आठवडे ताजं दूध बंद करायचं आणि साध्या आयोडीनची गोळी वेळेत द्यायची. पोलंडने ते केलं. तेही तेव्हा सोव्हिएत गोटातच होतं, पण २९ एप्रिलपासून त्यांनी सुमारे एक कोटी मुलांना आयोडीन पाजलं. बेलारूस आणि युक्रेनच्या खेड्यांत मात्र लोक घरच्या गाईचं दूध पीत राहिले, कारण कुणी सांगितलंच नाही. पुढे २००५ पर्यंत बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या दूषित भागांत, अपघातावेळी लहान असलेल्यांमध्ये थायरॉइड कर्करोगाचे सहा हजारांवर रुग्ण नोंदले गेले. उपचारांमुळे त्यातले बहुतेक वाचले, हेही सांगायला हवं. पण यातले कितीतरी रुग्ण एका सूचनेने टळले असते.

आयोडीन गेलं. राहिलं सिझियम-१३७. अर्धायुष्य ३० वर्षं. म्हणजे १९८६ ला जेवढं पडलं त्यातलं निम्म्याहून थोडंच कमी आजही शिल्लक आहे.

आणि इथे मातीचा खेळ सुरू होतो. रासायनिकदृष्ट्या सिझियम पोटॅशियमचा भाऊबंद. झाडाला पोटॅश हवं असतं. ते मिळालं नाही तर मुळं सिझियम उचलतात. जमिनीत विशिष्ट प्रकारची चिकणमाती असेल तर ती सिझियमला आपल्या थरांत पकडून ठेवते, पिकात येऊ देत नाही. पण युक्रेन-बेलारूस सीमेवरचा पोलेसिये भाग दलदलीचा, कुजलेल्या पाल्याच्या आंबट जमिनीचा. तिथे ते मोकळंच राहतं आणि वर्षानुवर्षं गवतात येत राहतं. म्हणजे जमिनीवर सारखंच सिझियम पडूनही एका गावचं दूध पिण्यालायक आणि दुसऱ्या गावचं नाही, असं होऊ शकतं. नकाशावर कंपासने काढलेल्या वर्तुळाला हे काही कळत नाही.

पावसालाही वर्तुळ कळत नाही. एप्रिलच्या शेवटी जिथे पाऊस पडला तिथे ढगातलं सगळं खाली आलं. केंद्रापासून सुमारे दोनशे किलोमीटरवर, बेलारूसच्या मोगिल्योव्ह आणि रशियाच्या ब्रियान्स्क भागात असेच मोठे डाग पडले. ३० किलोमीटरच्या आतली काही ठिकाणं त्यापेक्षा स्वच्छ होती. या डागांचे सविस्तर नकाशे वर्तमानपत्रात छापून आले १९८९ मध्ये. तोवर तीन वर्षं लोक तिथे बटाटे लावत होते, कुरणात गुरं सोडत होते.

शेतकऱ्यांनी आणि शास्त्रज्ञांनी हात टेकले नाहीत. खोल नांगरट, जादा पोटॅश, आंबट जमिनीत चुना, आणि गुरांच्या चाऱ्यात प्रशियन ब्लू नावाचं निळं रसायन. ते पोटातच सिझियमला धरतं आणि शेणावाटे बाहेर काढतं. या उपायांनी दुधातलं प्रमाण खरोखर खूप खाली आलं. आणखी एक गोष्ट, आपल्या घरातली. सिझियम चरबीत नाही, पाण्यात राहतं. लोणी काढलं की ते बहुतेक ताकात जातं. त्यामुळे भांडण झालं लोण्यावरून, पण दुधाच्या पदार्थांत कमीत कमी सिझियम असतं ते लोण्यातच. भीती खोटी नव्हती, पत्ता चुकला होता. नीट माहिती मिळाली नाही की असंच होतं.

आता वेल्सच्या मेंढपाळांची गोष्ट. जून १९८६ मध्ये ब्रिटनने डोंगराळ भागातल्या मेंढ्यांच्या विक्रीवर बंदी घातली. सांगितलं काय, तर फक्त तीन आठवडे. शास्त्रज्ञांनी हिशेब केला होता तो चिकणमातीच्या जमिनीचा; मेंढ्या चरत होत्या आंबट, दलदली डोंगरांवर. ब्रिटनभर सुमारे ९,८०० शेतांवर निर्बंध आले. मेंढी विकायची तर आधी यंत्राने मोजायची, जास्त निघाली तर अंगावर रंगाची खूण करून परत चांगल्या कुरणात पाठवायची. शेवटचे निर्बंध उठले २०१२ मध्ये. तीन आठवड्यांची सव्वीस वर्षं झाली.

स्वीडन-नॉर्वेमधल्या सामी लोकांचं तर जगणंच रेनडिअरवर. रेनडिअर हिवाळ्यात दगडफूल खातात, आणि दगडफुलाला मुळं नसल्याने ते सगळं हवेतूनच शोषतं. १९८६ साली हजारो जनावरांचं मांस फेकून द्यावं लागलं. नंतर नॉर्वेने रेनडिअरच्या मांसासाठी मर्यादाच वाढवून किलोला ६,००० बेक्वेरल केली. ‘सुरक्षित मर्यादा’ हा आकडा काही आकाशातून पडत नाही. त्यात विज्ञान असतं, तसा एका समाजाच्या पोटापाण्याचा हिशेबही असतो.

पाण्याचं काय? चेर्नोबिल प्रिप्यात नदीच्या काठी. ती नीपरला मिळते, आणि नीपरच्या पाण्यावर लाखो लोक अवलंबून. इथे निसर्गाने थोडी साथ दिली. सिझियम गाळाला चिकटून कीव्हच्या जलाशयात तळाशी बसलं. स्ट्रॉन्शियम-९० मात्र पाण्यात विरघळून पुढे जातं. १९९१ च्या हिवाळ्यात बर्फ अडून प्रिप्यातला फुगवटा आला, तेव्हा काठावरच्या जमिनीतलं स्ट्रॉन्शियम धुऊन नदीत आलं. पुढे तिथे बांध घालावा लागला. वाहत्या नदीपेक्षा बंदिस्त तळ्यांची स्थिती वाईट. ब्रियान्स्क भागातल्या कोझानोव्स्कोये तळ्यातले मासे दहा वर्षांनंतरही मर्यादेच्या वर होते.

आणि आता ते फोटोतले लांडगे. केंद्राला लागून पाइनचं जंगल होतं. काही आठवड्यांत शेकडो हेक्टर झाडं तांबूस होऊन मेली. त्याला ‘लाल जंगल’ नाव पडलं. ती झाडं पाडून चरांत पुरली. हे एक टोक. दुसरं टोक म्हणजे बेलारूसच्या बाजूला माणसं हलवलेल्या भागात १९८८ साली राखीव क्षेत्र झालं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या गणनेत तिथे एल्क, हरणं, रानडुकरं इतर स्वच्छ अभयारण्यांइतकीच निघाली, आणि लांडगे सातपटींहून जास्त. पण दुसऱ्या शास्त्रज्ञांना जास्त दूषित जागी पक्षी आणि कीटक कमी दिसले, पाकोळ्यांच्या पिसांत पांढरे डाग दिसले. हा वाद अजून मिटलेला नाही. मला त्यातून एवढंच कळतं की शेती, शिकार आणि माणूस गेला की जनावरांची संख्या वाढते, किरणोत्सर्ग असूनसुद्धा. याचा अर्थ किरणोत्सर्ग निरुपद्रवी असा होत नाही. रोजच्या माणसाचा त्रास रानाला केवढा असतो, हे मात्र त्यातून दिसतं. लांडग्यांची संख्या मोजून तिथे माणसाने राहावं की नाही, हे ठरत नाही.

जर्मनीच्या बव्हेरियात आजही काही रानडुकरांचं मांस मर्यादेबाहेर निघतं, कारण ती जमिनीखालची बुरशी उकरून खातात. २०२३ च्या एका अभ्यासात दिसलं की त्यातला बराच वाटा चेर्नोबिलचाही नाही. तो १९६० च्या आसपासच्या अण्वस्त्र चाचण्यांचा आहे. जुना हिशेब माती विसरत नाही.

आता आपल्याकडे. जैतापूरचा मूळ प्रस्ताव ९,९०० मेगावॉटचा, सहा भट्ट्यांचा. त्यांची रचना चेर्नोबिलसारखी नाही, बंदिस्त कवच असणार आहे. हे न सांगता चेर्नोबिलची भीती घालणं अप्रामाणिक आहे. पण ‘रचना वेगळी’ म्हणून प्रश्न संपत नाहीत. तारापूर तर १९६९ पासून चालू आहे.

प्रकल्प हवा की नको, ते तुम्ही ठरवा. पण बाजूने असा वा विरोधात, या चार गोष्टी प्रत्येक ग्रामसभेने मागायला हव्यात. आपल्या जांभ्या जमिनीत, विहिरीत, दुधात, खाडीच्या मासळीत आज किती किरणोत्सर्ग आहे, त्याचे आकडे मराठीत आणि गावाच्या फलकावर. मोजायचं यंत्र तालुक्यात, आणि ते चालवायला शिकलेली आपली पोरं. आयोडीनच्या गोळ्या कुठे ठेवल्यात आणि कोण वाटणार, त्याचं नाव. आणि काही झालंच तर पहिल्या तासात कोण, कोणत्या मार्गाने सांगणार, ते लेखी.

अणुभट्टी फुटणं बेलारूसच्या त्या आयांच्या हातात नव्हतं. पोराला दुधाचा पेला द्यायचा की नाही, एवढं मात्र होतं. ते ठरवायला लागणारी माहिती कुणीतरी कपाटात ठेवून दिली.