गोंड (नावाची व्युत्पत्ती)

मध्य भारतातील एक मोठी आदिवासी जमात. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातही तिची वस्ती आहे. ‘गोंड’ हे नाव इतरांनी दिलेले असून गोंडी भाषेत हे लोक स्वतःला ‘कोइतूर’ म्हणवतात. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी ‘गोंड’चा संबंध डोंगर या अर्थाच्या तेलुगू ‘कोंडा’ शब्दाशी लावला, तर पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी ‘गौड’ या प्रदेशनामाशी. डोंगराळ मुलूख आणि तेलुगू शेजार पाहता पहिले मत अधिक पटते. तरीही रसेल व हिरालाल यांनी मध्य प्रांतांतील जाती-जमातींवरील १९१६ च्या ग्रंथात व्युत्पत्ती अनिश्चितच मानली. ‘गोंड’प्रमाणेच कॅनडातील वेंडाट लोकांनाही ‘ह्यूरॉन’ हे नाव परक्यांनी, म्हणजे फ्रेंचांनी दिले. जमातीची ओळख सांगताना तिने स्वतः घेतलेल्या नावाला पहिला मान मिळायला हवा. गोंडांच्या धर्मपरंपरेतही हे स्वनाम दिसते. सालेकसा तालुक्यात दरेकसाजवळ असलेल्या कचारगडच्या गुहा या परंपरेत धर्मसंस्थापक मानलेले पारी कुपार लिंगो व देवी जंगो यांच्या कथेशी जोडलेल्या आहेत. माघ पौर्णिमेच्या सुमारास येथे यात्रा भरते आणि अनेक राज्यांतून गोंड भाविक येतात. गोंडांच्या ‘कोया पुनेम’ या धर्मनावात ‘कोइतूर’शी नाते असलेले ‘कोया’ हे स्वनाम टिकून आहे.