कर्करोग : खेकडा आणि सदाफुली

सेनगावच्या बाजारात कोणास 'कर्करोग' म्हणून सांगावयाचे, तर आधी त्याचा 'कॅन्सर' असा तर्जुमा करावा लागेल, यात गंमत अशी की हा शास्त्रशुद्ध मराठी शब्द मुळात त्याच परकीय शब्दाचा तर्जुमा होय. हिप्पोक्रेटसच्या परंपरेतील ग्रीक वैद्यांनी या व्याधीस 'कार्किनोस', म्हणजे खेकडा, म्हटले; रोमन लेखक सेल्ससने त्याचे लॅटिन 'कॅन्सर' केले; आणि स्तनातील गाठीभोवती फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात, असा खुलासा पुढे गॅलेनने केला. संस्कृत 'कर्क' हा त्या ग्रीक शब्दाचा दूरचा भाऊबंद मानतात.

सुश्रुतास मात्र खेकडा आठवला नाही. वाटोळी, स्थिर, सावकाश वाढणारी आणि न पिकणारी मांसाची गाठ ते 'अर्बुद', व एकावर दुसरे उठले की 'अध्यर्बुद'. वर्णन म्हणून मला हेच अधिक नेमके वाटते. अर्थात रक्ताच्या कर्करोगात बहुधा गाठच नसते, तेथे दोन्ही शब्द लंगडे पडतात!

त्याच रक्तरोगावर १९६३ साली अमेरिकेत मान्य झालेले 'व्हिन्क्रिस्टीन' हे औषध मूळच्या मादागास्करच्या, पण आता आपल्या अंगणांत बिनतक्रार फुलणाऱ्या सदाफुलीतून निघते. नाव पडले तिच्या 'व्हिन्का' या जुन्या वंशनामावरून. पाने चघळून मात्र काही साधत नाही, ती विषारी आहेत. ढीगभर पानांतून अत्यल्प द्रव्य हाती येते आणि तेही दवाखान्यात, मोजूनमापून, फक्त शिरेवाटेच द्यावे लागते.