डॉल्फिन्स विरुद्ध बेअर्स: आधी नियमपुस्तक कुठलं ते सांगा

क्रिकेटवाल्यांना हा रोग जुनाच आहे. ब्रॅडमनचा १९४८ चा संघ आणि क्लाईव्ह लॉईडचा वेस्ट इंडिज समोरासमोर आले तर कोण जिंकेल, यावर चहाचे किती कप संपले असतील देव जाणे. अमेरिकन फुटबॉलमधलं असंच एक जुनाट दुखणं म्हणजे १९७२ चे मायामी डॉल्फिन्स विरुद्ध १९८५ चे शिकागो बेअर्स. पहिला संघ सगळेच्या सगळे सामने जिंकला. दुसरा एक हरला, पण बाकीच्यांना त्याने अक्षरशः तुडवलं. या दोघांना सुपर बोलमध्ये भिडवलं तर?

ज्यांना हा खेळ म्हणजे हेल्मेट घालून केलेली ढकलाढकली वाटते, त्यांच्यासाठी दोन ओळी. आक्रमण करणाऱ्या अकरा जणांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. एक तर चेंडू घेऊन पळायचं, नाहीतर क्वार्टरबॅकने तो पुढे फेकायचा आणि कुणीतरी झेलायचा. समोरच्या अकरांनी ते होऊ द्यायचं नाही. एवढं कळलं की पुरे.

तर डॉल्फिन्स. प्रशिक्षक डॉन शूला. १४ साखळी सामने, मग प्लेऑफचे दोन आणि सुपर बोल, असे १७ पैकी १७ जिंकले. गंमत म्हणजे यातला बराचसा पराक्रम राखीव खेळाडूच्या हातून झाला. पाचव्या सामन्यात मुख्य क्वार्टरबॅक बॉब ग्रीसी जायबंदी झाला आणि अर्ल मोरॉल नावाचा ३८ वर्षांचा गडी आत आला. हाच मोरॉल चार वर्षांपूर्वी शूलाच्याच बाल्टिमोर संघातून खेळताना सुपर बोल हरला होता, आणि तोही ज्यांना कुणी गिनत नव्हतं त्या न्यूयॉर्क जेट्सकडून. त्याने उरलेले साखळी सामने एकही न हरता काढून दिले. पिट्सबर्गविरुद्धच्या उपांत्य सामन्यात ग्रीसी मध्यंतरानंतर परतला आणि १४ जानेवारी १९७३ ला डॉल्फिन्सने वॉशिंग्टनला १४-७ असं हरवलं. त्या अंतिम सामन्यात ग्रीसीने फक्त ११ वेळा चेंडू फेकला! बाकी सगळं पळण्यावर. लॅरी झॉन्काच्या मोसमात १,११७ यार्ड, मर्क्युरी मॉरिसच्या बरोब्बर १,०००. एकाच संघाच्या दोघांनी हजार गाठण्याची लीगमधली ही पहिलीच वेळ.

बेअर्सची गोष्ट उलटी. त्यांची ओळख म्हणजे बचावफळी. मुख्य प्रशिक्षक माईक डिटका, पण बचाव बडी रायनच्या ताब्यात, आणि दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नसे. रायनच्या रचनेचं नाव '४६'. हा कुठला गणिती आकडा नाही, डग प्लँक नावाच्या खेळाडूच्या पाठीवरचा नंबर आहे. (१९८५ मध्ये तो संघात नव्हताही, पण नाव चिकटलं ते चिकटलं.) प्लेऑफमध्ये जायंट्सना २१-०, रॅम्सना २४-०, आणि २६ जानेवारी १९८६ ला सुपर बोलमध्ये न्यू इंग्लंडला ४६-१०. त्या दिवशी न्यू इंग्लंडला पळून अख्ख्या सामन्यात ७ यार्ड मिळाले. सात! त्यांच्या क्वार्टरबॅकने, टोनी ईसनने, सहा वेळा चेंडू फेकला आणि सहाही फुकट गेले.

आता आकडे बघू. डॉल्फिन्सनी १४ साखळी सामन्यांत ३८५ गुण केले, १७१ दिले. बेअर्सनी १६ सामन्यांत ४५६ केले, १९८ दिले. म्हणजे सामन्यामागे २७.५ विरुद्ध २८.५, आणि दिलेले गुण १२.२ विरुद्ध १२.४. जवळजवळ बरोबरी. डॉल्फिन्सना मिळालेले प्रतिस्पर्धी मात्र लेचेपेचे होते, हे मान्य करायलाच हवं. साखळीत त्यांच्यासमोर आलेल्यांपैकी हरल्यापेक्षा जास्त सामने जिंकलेले संघ फक्त दोन, आणि तेही ८-६ वाले.

मग पुढे काय? संगणकाला विचारा, असं आमच्या धंद्यातला कुणीही सांगेल. तो प्रयोगही जुना आहे. मायामीतल्या मरी वोरोनर नावाच्या रेडिओ निर्मात्याने रॉकी मार्सियानो आणि मुहम्मद अली यांची काल्पनिक लढत एनसीआर ३१५ या संगणकावर 'लढवली'. दोघांना खऱ्या रिंगणात उतरवून, वेगवेगळे शेवट चित्रित करून ठेवले. जानेवारी १९७० मध्ये ती फिल्म थिएटरांत लागली. अमेरिकेत मार्सियानोने अलीला तेराव्या फेरीत लोळवलं. युरोपात दाखवलेल्या आवृत्तीत मात्र जिंकला अली! संगणक तोच, लढत तीच. मार्सियानो तर फिल्म लागण्याआधीच, ऑगस्ट १९६९ मध्ये विमान अपघातात गेला होता.

सांगायचा मुद्दा असा की सिम्युलेशन म्हणजे तुम्ही आत काय घालता त्याचा आरसा. आणि इथे आत घालायची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे नियमपुस्तक. १९७२ आणि १९८५ चा खेळ एक नाहीच मुळी. मधल्या काळात गोलपोस्ट दहा यार्ड मागे सरकले (१९७४), समोरच्याच्या डोक्यावर थप्पड हाणण्याला बंदी आली (१९७७), आणि १९७८ मध्ये दोन भूकंप झाले. चेंडू झेलायला धावणाऱ्याला पहिल्या पाच यार्डांनंतर धक्के द्यायचे नाहीत, असं ठरलं. आणि क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या धिप्पाड मंडळींना हात लांब करून, पंजा उघडा ठेवून समोरच्याला थोपवायची मुभा मिळाली. त्याआधी बिचाऱ्यांना हात छातीशी धरून झुंजावं लागे.

सगळे म्हणतात जुने नियम लावले तर जुना संघ जिंकेल. मला नेमकं उलट वाटतं.

१९७२ चे नियम लावून बघा. डॉल्फिन्सचा पॉल वॉरफिल्ड हा त्या काळातला सगळ्यात देखणा झेलणारा; त्या मोसमात २९ झेल, ६०६ यार्ड, म्हणजे एका झेलाला जवळपास २१. पण बेअर्सचे बचाववाले त्याला चेंडू हवेत जाईपर्यंत ढकलत राहणार, आणि पंच काही बोलणार नाहीत. रिचर्ड डेंट आणि डॅन हॅम्प्टनला डोक्यावर थपडा मारायची सूट. या दोघांना थपडांशिवायही कुणी आवरत नव्हतं! शिवाय '४६' मध्ये सेंटर आणि दोन्ही गार्डसच्या थेट समोर एकेक माणूस उभा असतो. डॉल्फिन्सच्या पळण्याचं सगळं मर्म लॅरी लिटलसारखा गार्ड जागा सोडून कडेला धावतो आणि मॉरिससाठी वाट मोकळी करतो, यात होतं. समोरच कुणी छाताडावर बसलं तर तो जागा सोडणार कशी? त्या नियमांत बेअर्स जिंकतात, १०-६ वगैरे.

१९८५ चे नियम लावा, तर डॉल्फिन्सच्याच आक्रमणाला ऑक्सिजन मिळतो. लिटल आणि जिम लँगरला हात वापरता येतात. वॉरफिल्ड पाच यार्डांनंतर मोकळा. आणि '४६' मध्ये आठ-आठ जण पुढे असल्यामुळे मागे मैदान ओसाड. (वजनाचा मुद्दा लोक फार ताणतात. विल्यम पेरी तीनशे पौंडांच्या वर होता हे खरं, पण तो अपवाद. २६५ पौंडांचा लिटल १९८५ च्या मैदानातही शोभला असता.)

हे नुसतं माझं मनोरंजन नाही, पुरावा आहे. बेअर्सचा त्या वर्षीचा एकमेव पराभव २ डिसेंबर १९८५ ला झाला. कुणाकडून? मायामीकडून. प्रशिक्षक कोण? तोच डॉन शूला! १९७२ च्या संघातली काही जुनी मंडळी त्या रात्री मैदानाच्या कडेला उभी राहून आपला विक्रम वाचवायला ओरडत होती. शूलाने जादा झेलणारे मैदानात पसरवले, डॅन मरिनोने चेंडू झटपट सोडला, आणि रायन आपली रचना बदलायला तयार होईना. मध्यंतराला ३१-१०. आत डिटका आणि रायन हातघाईवर आले म्हणतात. शेवट ३८-२४. '४६' ला कुठे टोचायचं हे शूलाला कळलेलं होतं. अर्थात ग्रीसी म्हणजे मरिनो नव्हे, हे बेअर्सवाले लगेच सुनावतील आणि त्यांचं चूक नाही.

बराक ओबामांचीही इथे पंचाईत झाली. चॅलेंजर यानाच्या दुर्घटनेमुळे १९८६ मध्ये राहून गेलेली बेअर्सची व्हाईट हाऊस भेट त्यांनी २०११ मध्ये घडवली, आणि ओबामा पक्के शिकागोवाले. २०१३ मध्ये १९७२ च्या डॉल्फिन्सनाही त्यांनी बोलावलं. तिथे तो ३८-२४ चा विषय निघणारच होता.

तर मग नियम कुठले? मी म्हणतो, आजचे. सोयीसाठी नव्हे, त्याला कारण आहे. १९८५ च्या डिसेंबरात बेअर्सच्या विल्बर मार्शलने डेट्रॉइटच्या जो फर्ग्युसनला असं हाणलं की तो मैदानावर बेशुद्ध पडला. ती टक्कर तेव्हा 'हायलाईट' म्हणून दाखवत. बेअर्सच्याच डेव्ह ड्युअर्सनने फेब्रुवारी २०११ मध्ये स्वतःच्या छातीत गोळी झाडून घेतली. डोक्यात नाही, छातीत. मेंदू संशोधनासाठी द्यावा असं त्याने लिहून ठेवलं होतं. तपासणीत सीटीई निघालं: डोक्यावर वारंवार आघात होऊन मेंदू झिजत जाण्याचा रोग, ज्याचं पक्कं निदान मृत्यूनंतरच होतं. डॉल्फिन्सकडे या. बचावाचा कणा असलेला निक बुओनिकाँटी, गार्ड बॉब कुकेनबर्ग, आणि तो ३८ वर्षांचा मोरॉलसुद्धा. तिघांच्याही मेंदूत तेच सापडलं. आपण ज्यांना पुन्हा मैदानात उतरवतोय त्यांचं पुढे काय झालं हे माहीत असताना डेंटच्या हातात परत थप्पड द्यायला माझं मन होत नाही.

आणि आजच्या नियमांत '४६' चं कठीण आहे. क्वार्टरबॅकच्या डोक्याला हेल्मेट लागलं की १५ यार्डांचा दंड, मार्शलसारखी टक्कर म्हणजे हकालपट्टीचीही शक्यता. रायन पहिल्या तासातच पंचांच्या अंगावर धावून जाईल. वॉल्टर पेटनला मात्र कुठलेच नियम अडवत नाहीत. १९८५ मध्ये १,५५१ यार्ड पळूनही सुपर बोलमध्ये डिटकाने त्याला एकही टचडाऊन करू दिला नाही, ती भरपाई इथे होऊन जाऊ दे.

माझा निकाल: डॉल्फिन्स २०, बेअर्स १७. विजयी किक गारो येप्रेमियनची. फक्त एक अट. १९७३ च्या अंतिम सामन्यात अडवली गेलेली किक उचलून त्याने चेंडू फेकायचा प्रयत्न केला आणि वॉशिंग्टनला त्यांचे एकुलते सात गुण आयते देऊन टाकले होते. तेव्हा किक मारून झाली की गड्याने हात पाठीमागे बांधून उभं राहावं.